मूळ कागद

४ फेब्रुवारी

ताई,

वर्षभरानं पत्र येतंय, म्हणजे धाकट्याचं काहीतरी काम अडलेलं असणार, हे तू पाकीट फोडण्याआधीच ओळखलं असशील. काम आहेच. पण आधी घरचं सांगतो.

आत्या डिसेंबरात न्हाणीघरात पडली. तेव्हापासून खिडकीजवळच्या खुर्चीतच असते. कंबर गेली, जीभ शाबूत आहे. मी तिच्यासाठी स्वतःच्या हातानं कवळी केली, तर तीन वेळा परत पाठवली. एकदा म्हणे दात फार पांढरे आहेत, एकदा म्हणे दुसऱ्याच कुणाचे आहेत. चौथ्यांदा 'चालतील' म्हणाली. मी ते कौतुकच धरलं.

आता काम. इथल्या संग्रहालयात युद्धकाळाचं दालन पंधरा मेला उघडतंय. एक अख्खं कपाट आपल्या आईबाबांचं आहे. बाबांचं पुठ्ठा-बांधणीचं सामान आहे, शाळेच्या वह्यांच्या पुठ्ठ्याखाली ते बंदी असलेली पत्रकं कशी चिकटवायचे ते दाखवणारी एक वही आहे, आईचा डगला आहे. मधली जागा रिकामी ठेवलीय ती आईच्या शेवटच्या पत्रासाठी. ते तुझ्याकडे आहे. त्यांना नक्कल चालत नाही, मूळच हवंय.

मला ते तोंडपाठ आहे. ताटात काही टाकलं की आत्या म्हणून दाखवायची: 'थोरली खंबीर आहे, तिला मुलींच्या वसतिगृहात ठेवा, ती निभावून नेईल. धाकटा लहान आहे, त्याला घर लागेल. आत्याचं ऐका.' त्यातलं 'थोरली खंबीर आहे' हे वाक्य ते भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवणार आहेत. तुला बरं वाटेल म्हणून आधीच कळवतो.

तुझा
धाकटा

१८ फेब्रुवारी

धाकट्या,

रंगवा. चांगली हातभर अक्षरं काढा. माणसं येतील, वाचतील, म्हणतील, काय ती आई आणि काय ती मुलगी.

खंबीर म्हणजे काय ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं. वसतिगृहात जेवण वाढणाऱ्या बाईंना कुणीतरी ते पत्र सांगितलं होतं. त्या मला ओळीत शेवटी उभं करायच्या. म्हणायच्या, तुझ्या आईनंच लिहिलंय, तू निभावून नेशील. मी नेलं. आठ मुलींत एक टॉवेल असायचा, तोही माझ्यापर्यंत ओला होऊनच यायचा.

आणि तो दर वर्षीचा स्मृतिदिन. तू लहान होतास, तुला फक्त बँड आठवत असेल. सकाळी समितीच्या बाई मला न्यायला यायच्या, पिशवीतून बूट काढून घालायला द्यायच्या. आईबाबांची नावं कोरलेल्या शिळेपुढं मला तुझ्या शेजारी उभं करायचे. फोटोवाला म्हणायचा, बाळांनो हात धरा. आपण धरायचो. संध्याकाळी बसमध्ये बसवण्याआधी बाई बूट काढून घ्यायच्या. तुझे बूट तुझेच होते. मी दर वर्षी पाहायचे, पॉलिश केलेले असायचे.

बाबांवर माझा कधीच राग नव्हता. ते अटकेनंतर पहिल्याच आठवड्यात गेले, त्यांना काही लिहायला वेळच मिळाला नाही. पण आईला पाच आठवडे मिळाले. पाच आठवडे कोठडीत बसून तिनं विचार केला आणि दोन पोरांतलं एक निवडलं. मी नऊ वर्षांची होते. चाळिशी आली तरी मला तिच्याबद्दल माया वाटत नाही. देशासाठी मेली, मोठी बाई होती, सगळं खरं. मला मात्र तिनं घालवून दिलं.

पत्र मी स्वतः घेऊन येईन. टपालावर माझा भरवसा नाही आणि तुझ्यावर तर त्याहून नाही. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कारखान्यात शाळेच्या गणवेशांचं काम उरकतं. तेव्हा रजा मिळेल. घरी येणार नाही, थेट संग्रहालयात जाईन.

थोरली

२६ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. बुटांचं मला खरंच माहीत नव्हतं.

एक चांगली बातमी आहे. आईच्या कोठडीत शेवटचे दहा दिवस जी नर्स होती, ती संग्रहालयवाल्यांना सापडली. औषधं पुरवली म्हणून तिला धरलं होतं, नंतर सोडून दिलं. इतकी वर्षं ती दुसऱ्या टोकाच्या गावात होती. आता सत्तावन्नची आहे आणि खणखणीत बोलते म्हणे. तू येशील त्याच दिवशी तिलाही बोलावलंय. आईला शेवटी पाहिलेलं माणूस तुला भेटेल.

आत्याला हे सांगितलं. ती म्हणाली, नर्सा फार बोलतात. कवळी पुन्हा काढून ठेवलीय.

धाकटा

१७ मार्च

धाकट्या,

हे पत्र बसून वाच आणि आत्याच्या समोर वाचू नकोस.

परवा संग्रहालयाच्या कचेरीत मी पत्र टेबलावर ठेवलं. साहेबांनी हातमोजे घालून ते उचललं आणि नर्सबाईंपुढं धरलं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, उलटून पाहिलं आणि मला विचारलं, "हे कुणी लिहिलंय?"

मी म्हटलं, माझ्या आईनं. त्या म्हणाल्या, "बाळ, तुझ्या आईच्या उजव्या हाताची चार बोटं मोडली होती. मीच फडक्यानं बांधली होती. तिला घास उचलता येत नव्हता, मी भरवत होते. ती लिहिणार कशी?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. आईनं शेवटचा मजकूर सांगितला आणि तो नर्सबाईंनी लिहिला, पेन्सिलीच्या तुकड्यानं, कापसाच्या गुंडाळीला असतो त्या निळ्या कागदावर. दुसऱ्या दिवशी त्या सुटल्या. कागद बुटाच्या तळव्याखाली घालून आणला आणि आईनं सांगितलेल्या पत्त्यावर दिला. दार एका उंच बाईनं उघडलं होतं, तिच्या बाहीला शाई लागली होती. दोन मुलं आत झोपलेली दिसली. बाईनं कागद घेतला आणि दार लावलं.

आपल्या ओळखीत बाहीला शाई लागलेली उंच बाई एकच आहे. आयुष्यभर दस्तऐवजाच्या कचेरीत नकला उतरवणारी. ज्याचं त्याचं अक्षर हुबेहूब काढते म्हणून साहेब लोक तिला बोलावून घ्यायचे. आईच्या हिशोबाच्या आणि शिवणाच्या वह्या तिच्याच घरी होत्या, अक्षर गिरवायला मुबलक.

त्या निळ्या कागदावर काय होतं हे मी विचारलं. नर्सबाई म्हणाल्या, आता शब्द आठवत नाहीत. माझ्याकडं पाहत नव्हत्या. थकल्या असतील, दिवसभर लोक त्यांना प्रश्नच विचारत होते.

धाकट्या, आत्यानं तो फाडलेला नाही. मला खात्री आहे. लहानपणी मी तिच्या टेबलावरचा एक जुना दस्त चुरगळला तेव्हा तिनं माझा कान पिरगाळून सांगितलं होतं की नक्कल कितीही चांगली असो, मूळ फाडणाऱ्याचे हात तोडावेत. खोटं लिहील, पण मूळ ठेवील. तिचं कपाट शोध.

मला काय हवंय ते सरळ सांगते. मी पुढे काही मागणार नाही, आत्याला चव्हाट्यावर आणणार नाही, तुझ्याकडे येऊन रडणार नाही. आईनं मला घालवून दिलं नव्हतं, एवढंच मला वाचायचंय. तेवढ्यावर माझं उरलेलं भागेल.

ताई

२५ मार्च

ताई,

तुझं पत्र वाचून मलाही दोन रात्री झोप लागली नाही. पण जरा शांतपणे विचार कर. नर्सबाईंना एकतीस वर्षांनी काय आठवणार? कोठडीत बायका किती असतील, बोटं कुणाची मोडली होती, निरोप कुणाचा होता, याची सरमिसळ सहज होते. आमच्या कारखान्यात कवळ्यांवर चिठ्ठ्या लावल्या नाहीत तर मी सुद्धा आठवड्याभरात कुणाचे दात कुणाचे ते विसरतो.

आत्याला विचारलं. ती म्हणाली, मला काही माहीत नाही. कपाट पाहिलं, त्यात जुन्या दस्तांच्या नकला आहेत आणि डांबराच्या गोळ्या आहेत. निळा कागद नाही.

तिची तब्येत बरी नाही. छातीत कफ झालाय. तू तिला या वयात काही लिहू नयेस असं मला वाटतं. तुझं दुःख मला कळतं. पण जे झालं ते झालं, आता कुणाच्या हातात काय आहे?

धाकटा

२८ मार्च

आत्याबाई,

तुम्हाला 'तुम्ही' म्हणतेय, कारण 'तू' म्हणण्याइतकी आपली ओळख राहिलेली नाही.

आईची बोटं मोडली होती. मग तुम्ही मला दिलेलं पत्र कुणी लिहिलं, आणि मूळ कुठं आहे?

दोनच प्रश्न आहेत. तुमच्या कचेरीत याहून मोठ्या अर्जांना उत्तरं मिळायची.

थोरली

६ एप्रिल

थोरले,

तुझा अर्ज मिळाला. धाकटा घरी नसताना लिहितेय. अक्षर पूर्वीसारखं नाही, तरी वाचता येईल.

ते पत्र मी लिहिलं. वहिनीची बोटं मोडली होती हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर डाव्या हातानं लिहिल्यासारखं उतरवलं असतं.

का लिहिलं ते ऐक. युद्ध संपलं तेव्हा मला कचेरीनं एक खोली दिली होती, आणि एकट्या बाईला घरात एकच मूल ठेवायची परवानगी होती. दुसरं वसतिगृहात जाणार हे ठरलेलंच होतं. कोणतं, एवढंच मी ठरवायचं होतं. धाकटा तीन वर्षांचा होता, त्याला काही आठवत नव्हतं. तू नऊ वर्षांची होतीस, तुला सगळं आठवत होतं. जेवताना टक लावून बघायचीस आणि मग विचारायचीस, आत्या, बाबांना कुठं पुरलं? मला न आठवणारं मूल हवं होतं.

आणखी एक सांगते, कारण आता लपवून काय करू. तुझा चेहरा वहिनीचा आहे. माझा भाऊ पुस्तकं बांधायचा, सरळमार्गी होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. छापखाना, पत्रकं, रात्री येणारी माणसं, हे सगळं तिनं आणलं. लोक तिच्या नावापुढं फुलं ठेवतात. माझ्या लेखी तिनं माझा भाऊ मारला. तिचा चेहरा रोज माझ्यासमोर पाव खात बसलेला मला सहन झाला नसता. मी तुला मारलं असतं, थोरले. हातानं नाही, पण रोज थोडं थोडं मारलं असतं.

जा म्हणून मी सांगितलं असतं तर तू दाराची चौकट धरून बसली असतीस. आईनं सांगितलंय म्हटल्यावर तू स्वतःची पिशवी स्वतः भरलीस. पत्राचं काम झालं. तू माझ्याऐवजी तिच्यावर रागावलीस, तेही मला चाललं.

आता मूळ. आहे. कपाटाच्या तळाच्या फळीखाली आहे आणि धाकट्याला ते मागच्या महिन्यातच सापडलंय. त्याला वाटतं मला कळलं नाही. त्याला फळी नीट बसवता येत नाही.

ते मागू नकोस. हे मी तुझ्या भल्यासाठी सांगतेय आणि यावर तुझा विश्वास बसणार नाही हेही मला माहीत आहे. तुझ्यासाठी मी आयुष्यात एकच चांगली गोष्ट केली, ती म्हणजे ती नक्कल.

आत्या

२१ एप्रिल

ताई,

आत्या बारा तारखेला दुपारी गेली. तार केली होती, तू आली नाहीस, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. कचेरीतले चार म्हातारे कारकून आले होते. शेवटपर्यंत शुद्धीत होती. डॉक्टरांनी लिहिलेला कागद हातात घेऊन म्हणाली, काय हे अक्षर.

तिच्या टेबलावर तुझी दोन प्रश्नांची चिठ्ठी सापडली, त्यावरून तिनं तुला उत्तर पाठवलं असावं असा अंदाज आहे. म्हणजे मी मार्चमध्ये खोटं बोललो हे तुला कळलं. मी भ्यालो होतो. लहानपणापासून त्या घरात मी एकच गोष्ट शिकलो, आत्याला दुखवायचं नाही. मला दुसरं घर नव्हतं.

तर ऐक. कागद माझ्याकडे आहे. निळा आहे, घड्यांवर फाटत आलाय. त्यात तुला हवं तेच आहे. आईनं सांगितलंय, दोन्ही मुलांना एकत्र ठेवा, थोरलीला धाकट्यापासून तोडू नका. घालवून द्यायचं तिच्या मनातही नव्हतं. तू इतकी वर्षं उगाच रागावलीस तिच्यावर.

कागद इतका जीर्ण आहे की टपालात टिकणार नाही. माझ्याकडेच राहू दे. तुला जे हवं होतं ते मिळालं, आता मन मोकळं कर.

धाकटा

२६ एप्रिल

लाडक्या धाकट्या,

तुझं पत्र कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत फोडलं. नंतर मी कापडाच्या थराला कात्री लावली आणि अकरा कॉलर उलट्या कापल्या. मुकादम ओरडायला आला आणि माझ्याकडं पाहून परत गेला. शेजारच्या टेबलावरचीनं विचारलं, कोण गेलं गं? मी म्हटलं, कुणी गेलं नाही, माझी आई आलीय.

वेडेपणा वाटेल, पण घरी आल्यावर मी मोठ्यानं आई म्हणून पाहिलं. नऊ वर्षांची असल्यापासून म्हटलं नव्हतं. तिचा चेहरा मला आठवत नसे, म्हणजे मीच आठवू देत नव्हते. काल सगळं आलं. माझी वेणी घालताना ती दातांत रिबीन धरायची आणि तशीच बोलायची. माझ्या दप्तरात पत्रकांच्या वह्या घालून मला पावाच्या दुकानात पाठवायची. मी परत येईपर्यंत जिन्यात उभी असायची. नुसती उभी, हातात काही नाही. जिला मुलीला घालवून द्यायचं असतं ती जिन्यात कशाला उभी राहील? हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तुझ्यावरही माझा राग नाही. तुझ्या बुटांवरही नाही. आत्यानं लिहिलं होतं, मूळ मागू नकोस. शेवटपर्यंत तिला माझं चांगलं झालेलं बघवलं नाही. जाऊ दे, गेली बिचारी.

मी संग्रहालयाला काल पत्र टाकलं. ती नक्कल काढून टाका, भिंतीवरचं वाक्य पुसा, मूळ कागद सापडलाय आणि त्यात वेगळं लिहिलंय असं कळवलं. जीर्ण असला तरी त्यांच्याकडं काचा असतात, औषधं असतात, ते जपतील. तू कुठं सांभाळणार? येत्या रविवारी मी येते. या खेपेस घरी येईन. आपण दोघं मिळून तो नेऊन देऊ. मला वाचायचा आहे, स्वतःच्या डोळ्यांनी, तिथंच तुझ्या स्वयंपाकघरात बसून.

तुला काय आणू? तुला काय आवडतं हे सुद्धा मला माहीत नाही बघ.

ताई

२९ एप्रिल

ताई,

रविवारी येऊ नकोस. आधी हे वाच. कागद या पाकिटात आहे, रजिस्टर करून पाठवतोय. टपालात टिकेल. जीर्णबिर्ण काही नाही, आत्यानं तो दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवला होता.

मी पुन्हा खोटं बोललो. तू संग्रहालयाला कळवशील असं मला वाटलंच नव्हतं. मला वाटलं, तुला ऐकायचंय ते ऐकवावं आणि विषय संपवावा. दुसरं काय करू शकत होतो?

कागदावर पाच ओळी आहेत. तू वाचशीलच, पण कागद हातात घेण्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून इथं उतरवतो:

'चष्मेवाला फुटलाय. बांधणीच्या दुकानामागची खोली गुरुवारच्या आत सोडा. छपाईचे खिळे विहिरीत टाका, रोलर पुरा. माझी वाट बघू नका. पाववाल्याला आजच कळवा.'

एवढंच आहे. तू नाहीस. मीही नाही. आपण आहोत असं सुद्धा त्यात नाही.

तो छापखान्यातल्या माणसांसाठी निरोप होता, ताई, त्यांच्यातला एक फितूर झाला होता. आत्यानं तो पाववाल्याला द्यायचा होता आणि तिनं दिला नाही. मी तिला शेवटच्या दिवसांत विचारलं. ती म्हणाली, "घराबाहेर माणसं पाळतीवर होती आणि आत तुम्ही दोघं झोपला होतात. वहिनीला खोलीत लपलेल्या त्या चौघांची काळजी होती. तुमची कुणाला होती?" गुरुवारी ते चौघे त्या खोलीतच सापडले. शिळेवर आईबाबांच्या खाली त्यांचीच नावं आहेत. त्यांतल्या एकाची बायको अजून आहे. दर स्मृतिदिनाला पहिल्या रांगेत बसते आणि भाषणं संपली की कुणाला तरी गाठून विचारते, आमच्या माणसाला कुणीच कसं कळवलं नाही?

कागदाच्या पाठीवर आत्याचं बारीक अक्षर आहे. 'मूळ. नक्कल थोरलीस दिली.' खाली तारीख आणि सही. नक्कल म्हणून तिनं तुला जे दिलं, त्यातला एकही शब्द यात नाही, तरी तिनं शेरा मारून ठेवला.

आता काय करायचं ते तू ठरव. हा कागद काचेत गेला तर आत्याचं नाव निघेल, आणि माझंही, कारण मी तिचाच आहे. पण मी अडवणार नाही. मी पुन्हा अंग काढून घेतोय, की आयुष्यात पहिल्यांदा हिंमत करतोय, हे माझं मलाच कळत नाही.

धाकटा

७ मे

धाकट्या,

पाकीट शुक्रवारी मिळालं. शनिवारी मी बस धरून नर्सबाईंच्या गावाला गेले.

त्यांना कागद दाखवला. म्हटलं, आता तरी खरं सांगा, यात आमचा शब्द नाही, पण बोलता बोलता काही म्हणाली असेल. त्या दिवशी माझ्याकडं का पाहत नव्हत्या ते आता कळलं. फार चांगली बाई आहे, खोटं बोलता येत नाही. त्या म्हणाल्या, "कागदाला खाली जागा उरली होती. मी तिला विचारलं, मुलांसाठी काही लिहू का? ती म्हणाली, नको, झालं एवढंच."

मी जागा मोजली. तीन बोटं आहे. माझ्या बोटांनी तीन, तिची बारीक होती, तिच्या बोटांनी चार भरली असती. दोन ओळी सहज बसल्या असत्या. सांभाळून राहा, असं सुद्धा बसलं असतं.

नर्सबाई मला समजावत होत्या. म्हणाल्या, मुलांचं नाव लिहिलं आणि कागद पकडला गेला तर मुलांना धरतील, असं तिला वाटलं असेल. वाटलं असेल. मी पण परतीच्या बसमध्ये तसंच समजून घ्यायचा प्रयत्न केला. तिला चार माणसं वाचवायची होती, तिच्याजवळ वेळ नव्हता, बोटं दुखत होती. सगळं समजतं मला. चाळीस वर्षांच्या बाईला समजतं. पण नऊ वर्षांची मुलगी माझ्या आत अजून पिशवी भरून बसलेली आहे, तिला कोण समजावणार? इतकी वर्षं तिला वाटत होतं की आईनं विचार करून करून तिला टाकलं. आता कळलं की विचारच केला नव्हता.

आत्यानं खरं लिहिलं होतं, मूळ मागू नकोस. मला दोघींपैकी एकीवर तरी रागावता यायला हवं होतं. आत्या मेली आणि आईनं काही लिहिलंच नाही.

संग्रहालयाच्या साहेबांना मी काल भेटले. सांगितलं की माझी चूक झाली, भाऊ गोंधळला होता, निळा कागद वगैरे काही नाही. उद्घाटनाचं भाषण ठरवायला नर्सबाईही तिथं आल्या होत्या; त्यांना म्हटलं, तुमची आठवण दगा देतेय असं मी सगळ्यांना सांगितलंय, तुम्ही भाषणात दुसरं काहीतरी बोला. त्या रडल्या. मी थांबले नाही.

त्या चौघांपैकी एकाची बायको दर वर्षी विचारते, असं तू लिहिलंस. विचारू दे. मीही एकतीस वर्षं विचारलं, आणि उत्तर मिळालं तेव्हा काय झालं ते तू पाहिलंसच. तिला उत्तर देण्यापेक्षा, कळवायला कुणीतरी विसरलं असेल, असंच तिला वाटू दे.

काचेखाली आत्याचं पत्रच राहील. भिंतीवरचं वाक्यही राहील, रंग ताजा आहे, पुसायला मी नाही म्हटलं. पंधरा तारखेला लोक येऊन वाचतील की एका आईनं मरायच्या आधी दोन मुलांचा विचार केला आणि थोरलीला दूर पाठवलं. सगळं खोटं आहे. पण त्या खोट्या पत्रात मी आहे, धाकट्या, आणि खऱ्यात नाही.

थोरली